मातीचं तेल

आमच्या विहिरीत काहीतरी बिघडलंय, हे पहिल्यांदा कळलं ते डाळीमुळे. आईनं तुरीची डाळ शिजायला टाकली आणि कंदील पुसताना येतो तसा वास घरभर सुटला. आईनं आधी मलाच धरलं. मी नुकतीच मास्तरीण झाले होते आणि कंदिलात तेल भरायचं काम माझ्याकडे होतं. "हात न धुता डाय धुतली वाट्टे बाईसाहेबानं!" मी दोन्ही हात तिच्या नाकापुढे धरले, तेव्हा कुठे संशय विहिरीवर गेला.

मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, विहिरीत डोकावले आणि नाचतच परत आले. आमच्याकडे रॉकेलला मातीचं तेल म्हणतात. "मातीचं तेल मातीतूनच येते ना? आपल्या जागेत तेल लागलं! आता मले कोनी काम सांगू नका." संध्याकाळपर्यंत त्यांनी मनातल्या मनात मोटार घेतली, तिचा रंग ठरवला आणि पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून बाबांशी भांडूनही घेतलं. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, तसला प्रकार.

बाबांनी मात्र वर रस्त्याकडे बोट दाखवलं. तिथं एका शेठनं पेट्रोलपंप टाकला होता आणि रॉकेलची टाकी जमिनीत पुरली होती. ती गळत होती. शेठ माणूस बरा. त्यानं टाकी लगेच उकरून काढली. पण मातीत मुरलेलं तेल काही टाकीच्या मागे गेलं नाही. अमरावतीहून एक साहेब आले, त्यांनी बाटलीत पाणी भरलं, हुंगलं आणि म्हणाले, "जमिनीत किती उरलंय ते आज कोणीच सांगू शकत नाही. पाणी पिऊ नका. अंदाज घेत राहा."

इथं आमचं हसणं थांबलं. गावी असताना आईनं दुसऱ्याच्या विहिरीपासून दूर उभं राहून, कोणी वरून ओतेल म्हणून वाट पाहण्यात अर्धं आयुष्य घालवलं होतं. आम्ही बौद्ध झालो, अकोल्यात ही जागा घेतली, तेव्हा घराच्या आधी विहीर खणली. आता जवळचं पाणी म्हणजे उताराखालच्या पाटलीणबाईंची विहीर. माणसं वाईट नव्हती, पण आमच्यासाठी वरून ओतायची रीत तीच. आई म्हणाली, "तहानेनं मरीन, पन तिच्यासमोर भांडं धरनार नाई." मग बाबा सायकलला डबे लटकवून जुन्या शहरातून नळाचं पाणी आणू लागले. त्यातलं निम्मं त्यांच्या पँटीलाच मिळायचं.

अंदाज घ्यायची मोठ्या बाबांची तऱ्हा म्हणजे चहा. पाहुण्याला न सांगता विहिरीच्या पाण्याचा चहा द्यायचा आणि त्याचं तोंड पाहायचं. आईनं तो पहिला कप त्यांच्याच पुढ्यात ठेवल्यावर ही तऱ्हा बंद पडली. माझी तऱ्हा कापसाची. वऱ्हाडात कापसाला काय तोटा! बोंडातला कच्चा कापूस पाणी फारसं घेत नाही, तेल मात्र आवडीनं पितो. लांब काठीला बोळा बांधून मी तो पाण्यावर फिरवायची आणि अंगणात नेऊन पेटवायची. भडकला तर तेल बक्कळ, नुसता फुरफुरला तर कमी. पाहायला सारी आळी जमायची. जाळ जरा मोठा झाला की मोठे बाबा म्हणायचे, "अजून मोटारीपुरतं हाय."

हळूहळू जाळ लहान होत गेला. उन्हाळा लागला तेव्हा बोळा फक्त धुरावला. साहेबांनी पुन्हा येऊन बाटली हुंगली आणि हसून होकार दिला. आईनं त्या दिवशी विहिरीचं पाणी पिताना डोळे मिटले होते. मला फार बरं वाटलं. तेल गेलं म्हणून सगळे खूश. ते गेलं कुठं, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

एका सकाळी पाटलीणबाई रिकामी घागर घेऊन आमच्या अंगणात आल्या. याआधी त्या कधी आल्या नव्हत्या. "काय सांगू बाई, आमच्या इहिरीले वास येऊन राहिला. डाय शिजवली, त फेकून द्या लागली."

"घ्या," मोठे बाबा पुटपुटले, "मोटार तिकडं गेली."

मला हसू आलं, पण मी आईकडे पाहिलं. तिची जीभ म्हणजे विळा. आता ती वरून ओतेल आणि खाली पाटलीणबाई वाकून घागर धरतील, असं मला वाटलं. खरं सांगते, मला ते पाहायचं होतं. पाटलीणबाईंनाही तेच वाटलं असावं. त्यांनी घागर खाली ठेवली आणि विहिरीपासून मागे सरून मान खाली घालून उभ्या राहिल्या.

आईनं पोहरा उचलला आणि त्यांच्या हातात दिला. "मांगं काहून सरता? तुमाले हात नाईत का? ओढा तुमीच."

पाटलीणबाईंनी पदर खोचला.