जावईबापूंची गांडुळं

फिटर निवृत्त झाला आणि दूरच्या गावी नोकरीला निघालेल्या मुलीने आपला ॲक्सोलोटल त्याच्या गळ्यात मारला. पाण्यात राहणारा प्राणी. वीतभर लांब, मानेला पिसांसारखे कल्ले, तोंडावर कायमचं हसू. काम शून्य आणि खाणं आयतं, म्हणून फिटरने त्याचं नाव ठेवलं जावईबापू.

खाणं म्हणजे जिवंत गांडुळं. फिटर ती परसातल्या पाचोळ्याखालून स्वतः काढायचा. ओल्या गोणपाटात ठेवून त्यांच्या पोटातली माती उतरू द्यायचा, धुवायचा आणि मग चिमट्याने समोर धरायचा. जावईबापू चावत नसत. तोंड फटकन उघडायचं, पाण्याबरोबर गांडूळ आत. बाहेर राहिलेलं टोक दोन झटक्यांत गडप. पोटात ते जरा वळवळायचं, मग गार पाण्यात दोन-तीन दिवस सावकाश पचायचं. टाकीच्या तळाशी काळी, मऊ विष्ठा दिसली की फिटर बायकोला हाक मारायचा, "पचलं गं!"

"मग काय, बँड लावू?"

फिटरच्या बहिणीच्या ऑपरेशनसाठी दोघांना पंधरा दिवस परगावी जावं लागलं. टाकी वेल्डरवर सोपवली. कारखान्यात नोकरीभर फिटरने पाइप जुळवून हाताने धरले होते आणि वेल्डरने त्याच्या बोटांशेजारून जाळ चालवला होता. बोट कधी भाजलं नाही. निवडून धुतलेल्या गांडुळांचा डबाही त्याच्याच हातात दिला.

फोनवर वेल्डर सांगायचा, "खातोय रे तुझा जावई. ढेकर तेवढी द्यायची राहिलीय."

परतून पाहतात तो पोट पाठीला लागलेलं, कल्ले आक्रसलेले. डब्यात शेणखतातली बारीक लाल गांडुळं. फिटरने एक समोर धरलं. जावईबापूंनी ते ओढलं आणि लगेच थुंकलं. ती जात दाबली गेली की कडू पिवळा रस सोडते.

संध्याकाळी वेल्डर दारात आला. हातात कागदात गुंडाळलेले दोन मासे.

"वहिनी, तळ्यातले आहेत. ताजे."

"गळाला काय लावलं होतंस?" फिटरने विचारलं.

वेल्डर हसला. "तुझीच रे. काय गुबगुबीत! मासे नुसते तुटून पडले. त्याला बदली दिली की मी. गांडूळ ते गांडूळ."

"थुंकत होता ना?"

"नखरे करायचा जरा."

"मग खातोय असं का सांगितलंस?"

"तू बहिणीच्या उशाशी. तुला कशाला ताप? आणि मेला तर नाही ना!"

फिटरने बायकोच्या हातातलं पुडकं घेतलं, वेल्डरच्या हातात परत ठेवलं आणि दार लावलं.

मागच्या दाराने परसात जाऊन त्याने पाचोळा उकरला. गोणपाटात ठेवायला वेळ नव्हता. एक लहानसं गांडूळ पुन्हा पुन्हा धुतलं आणि समोर धरलं. प्राण्याने तोंड फिरवलं. फिटरने हात हलवला नाही. खांदा भरून आला तरी चिमटा तसाच. अखेर तोंड उघडलं, गांडूळ आत गेलं. बाहेर आलं नाही.

"अहो, ते अजून दारात उभे आहेत," बायको हळूच म्हणाली.

"असू दे," फिटर म्हणाला आणि दुसरं गांडूळ धुवायला गेला.