ओढ्यापलीकडचे मत

साऱ्या सातारा जिल्ह्यात मत नाही म्हणून मनापासून चिडलेला माणूस एकच होता, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. मत नसलेली माणसे त्या काळी पुष्कळ होती. खरे तर असलेलीच थोडी होती. ठरावीक शेतसारा भरणारा, मॅट्रिक झालेला, फौजेतून परतलेला अशा कुणाकुणाला ते मिळे आणि बाकीची दुनिया आपल्या कामात असे. आपल्याला काही मिळायचे राहिले आहे, याची तिला खबरही नव्हती. आमच्या मामांना मात्र ते दुःख दाढदुखीसारखे होते. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात. ती दाढ दिवसभर दबून असायची आणि माणूस जेवायला बसला की ठणकायची.

याला कारण मामांचे घर आणि मामांचे शेत. येरळेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या अल्याड गाव, गावात घर, पल्याड शेत. ओढा असा, की उन्हाळ्यात त्यात शेळीचे खूरसुद्धा भिजायचे नाहीत. पण अल्याड संस्थान होते आणि पल्याड खालसा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. मामा राजेसाहेबांच्या राज्यात तोंड धूत, इंग्रजांच्या राज्यात न्याहारी करत आणि रात्री पुन्हा राजेसाहेबांच्या राज्यात झोपायला येत. “नवरदेवाचं शिवंवर पूजन जल्मात येकदा हुतं. माझं रोज सकाळी हुतंय, पर नारळ कोन देत न्हाई,” असे ते म्हणत. शेताचा सारा खालशाच्या तलाठ्याकडे भरायचा आणि शेतातला कडबा घरी आणायचा तर ओढ्यावर संस्थानचा जकात नाका. एकदा नाकेदाराने गाडी अडवली आणि माल कुठला म्हणून विचारले. मामा गाडीवरून खाली उतरले. “कडबा खालशातला, गाडी संस्थानातली, बैल म्हसवडच्या जत्रंतलं. आन मी कुठला ते मलाच उमगलं न्हाई आजून. ह्यातलं काय अडवायचं ते अडव, बाकीचं सोड!” नाकेदार हात जोडून म्हणाला, “मामा, जावा तुमी. डोस्कं नका खाऊ.”

मतदारसंघाचा भूगोल मामांना तोंडपाठ होता आणि तो ते भाकरीवर शिकवत. ताटात भाकरी पडली, की ती मोडण्याआधी तिच्यावरून बोट फिरवून ते पाहुण्याला म्हणत, “ही भाकरी म्हंजी सातारा जिल्हा. आदी अख्खी भाकरी येक मतदारसंघ हुती. मग मधनं सुरी फिरली. वरची उत्तर, खालची दक्षिण. आता ही करपल्याली भोकं बगा. ही संस्थानं. हे वरचं मोठं फलटण. आन ह्या हितल्या बारक्या भोकात मी. शेत भाकरीत, मालक भोकात!” पाहुणा बिचारा भुकेला असे. चुलीपुढून आत्या म्हणे, “भोकं मोजत बसू नका, गार हुतीया. आन करपली न्हाई ती. माझी भाकरी कवा करपलीया?” एवढ्या प्रचंड अन्यायापुढे बायकोला भाकरीची अब्रू महत्त्वाची वाटते, याचा मामांना वेगळा राग येई.

हा राग सुरू झाला तो पहिल्या मोठ्या निवडणुकीपासून. उमेदवाराची मोटार ओढ्यात रुतली होती. मामांनी आपले बैल जुंपून ती बाहेर ओढली, उमेदवाराला बांधावर बसवून ओल्या शेंगा खायला घातल्या आणि रस्त्यापासून टोळधाडीपर्यंतची सगळी गाऱ्हाणी सांगितली. उमेदवार आपुलकीने ऐकत होता. शेवटी त्याने घर कुठे म्हणून विचारले. मामांनी ओढ्यापलीकडे बोट दाखवले, तसा तो उठून धोतर झटकत म्हणाला, “मग आपलं मत आमच्याकडं नाही.” त्याच्या हातातल्या शेंगा मात्र त्याच्या हातातच राहिल्या, हे मामा कधी विसरले नाहीत. पुढे तो निवडून आला आणि एकदा त्याच वाटेने निघाला, तेव्हा मामा मोटारीपुढे आडवे उभे राहिले. “तुमी माझे मेंबर न्हाई, कबूल. पर माझ्या शेताचे हाय का न्हाई? मग शेताचं गाऱ्हाणं ऐका. माझं काय म्हननं न्हाई, ह्यो भुईमूग म्हनतोय.” आणि भुईमुगाच्या वतीने त्यांनी बराच वेळ भाषण केले.

त्यानंतर महायुद्ध लागले, मंत्रिमंडळ गेले आणि कैक वर्षे निवडणूकच झाली नाही. बेचाळीसनंतर आमच्या भागात भूमिगतांनी आपलेच सरकार चालवले. मामांनी त्यांनाही जेवू घातले, पण भाकरीचा भूगोल चुकला नाही. “ह्ये तिसरं सरकार माझ्या दारात आलं. तिघांनीबी भाकरी खाल्ली. मत कुनी इचारलं न्हाई.” मुलीचे लग्न ठरवायची वेळ आली, तेव्हा लोक जमीन विचारतात, विहीर विचारतात, मामांनी व्याह्यांना विचारले, “तुमचं नाव यादीत हाय का?” व्याही घाबरले. त्यांना वाटले पोलिसांची यादी. मुलगी अखेर खालशातच दिली. सासरची माणसे तिरसट निघाली, पण आत्याने तक्रार केली की मामा म्हणत, “आसू दे. नातवाला मत मिळंल.”

माझे शिक्षण या माणसाच्या घरात झाले. आमच्या गावी चौथीपुढे शाळा नव्हती. माझ्या घराण्यात सही करणारा मीच पहिला. मामांनी मला आपल्याकडे ठेवून घेतले आणि संस्थानच्या शाळेत घातले. पुढे सांगलीच्या कॉलेजात शिकून मी पदवीधर झालो आणि तासगावात मास्तर म्हणून लागलो. तासगाव खालशात, मी मॅट्रिक झालेला, वय पुरे झालेले. सरकारने यादीत माझे नाव घातले. माझ्या नावावर कुंडीएवढीही जमीन नव्हती. जे जन्मभर सारा भरत आले त्यांना काही नाही आणि त्यांच्या घरच्या भाकरीवर वाढलेल्या मला मत. मला आजही या गोष्टीचा राग येतो. त्या वेळी मी तो बोलून दाखवला, तेव्हा मामा म्हणाले, “तू कशाला रागावतोस रं? माझ्या वाटणीचं हाय त्ये काम.”

लढाई संपली आणि पुन्हा निवडणुका येणार असे ऐकू आले. तलाठ्याने मामांना नियम समजावून दिला. सारा भरता ते ठीक, पण राहायलाही मतदारसंघातच हवे. दुसरा माणूस गप्प बसला असता. मामांनी शेतात कुडाचे घर बांधले, चूल मांडली आणि पावसाळ्यातच तिथे राहायला गेले. आत्याला म्हणाले, “चल, बिऱ्हाड हलवू.” आत्या म्हणाली, “मी ह्या घरात लगीन करून आले, मत करून न्हाई. तुमास्नी जायचं तर जावा.” त्यामुळे नवरा इंग्रजांकडे आणि बायको राजेसाहेबांकडे असा संसार सुरू झाला. मामा नियमाला इतके पक्के, की अल्याड पाऊल ठेवले तर आपले खालशातले राहणे मोडेल, या भयाने दिवाळीलाही घरी येईनात. पाडव्याला मी तिथे होतो. आत्या ओवाळणीचे ताट घेऊन ओढ्यात उतरली, मामा पलीकडच्या काठावर पाटावर बसले. पाणी पोटरीला लागत होते. तिने तिथूनच हात लांब करून त्यांना ओवाळले आणि म्हणाली, “लाज न्हाई वाटत? बायकोला वढ्यात उबी करून ववाळून घेतायसा!” मामा शांतपणे म्हणाले, “वात सांबाळ. वारं खालशाकडनं हाय.”

कुडाचे घर त्यांनी मुद्दाम म्हसोबाशेजारी बांधले होते, देवाची सोबत म्हणून. हा आमचा शिवेचा म्हसोबा. गाव दर बेंदराला, बैलांच्या सणाला, त्याला शेंदूर फासे, नारळ फोडी. मामांचा त्याच्यावर घरचा हक्क होता. मामांच्या लहानपणी मोठा पूर आला. म्हसोबा तेव्हा काठाला होता. मामांच्या वडिलांनी छातीइतक्या पाण्यात शिरून तो उचलला, खांद्यावर घेऊन आपल्या शेतात उंचवट्यावर आणला आणि तिथे त्याची स्थापना केली. “माझ्या बापानं द्येव वाचवला,” ही गोष्ट मामा भाकरीच्या भूगोलाइतकीच वेळोवेळी सांगत. गावात त्या एका गोष्टीवर त्यांच्या घराण्याचा मान होता.

दिवाळीनंतर, माझी सुट्टी संपायच्या आतच, यादीसाठी कारकून चौकशीला आला. मामांनी त्याला चूल दाखवली, अंथरूण दाखवले, दोरीवरचे धोतर दाखवले. कारकुनाचे समाधान झाले होते. जाता जाता त्याने विचारले, “हद्दीचा दगड कुठं आहे?” बरोबर आलेला म्हातारा कोतवाल अभिमानाने म्हणाला, “त्यो काय, म्हसोबा! शिवंचा द्येव हाय आमचा.” कारकून चपला काढून पुढे झाला, त्याने भक्तिभावाने नमस्कार केला, देवाला प्रदक्षिणा घातली आणि मागच्या बाजूला थबकला. देवाच्या पाठीला शेंदूर कधी कुणी लावला नव्हता. तिथे मोजणीखात्याची बाणाची खूण होती.

“म्हणजे हद्द इथं आहे,” कारकून म्हणाला, “आणि तुमचं घर ओढ्याच्या बाजूला. ते संस्थानात पडतंय, मामा.”

“आवं, वढा हद्द हाय! शेंबड्या पोराला ठावं हाय!”

“ओढा दर पावसाळ्यात हलतो. सरकार दगड धरतं.”

“पर दगडच हल—” मामा बोलता बोलता थांबले.

कारकुनाने मान वर केली. “दगड हलला? सरकारी दगड हलवणं गुन्हा आहे. कुणी हलवला ते सांगा, मोजणीदार बोलावतो, तुमचं काम होऊन जाईल.”

मी मामांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. एक वाक्य बोलले असते तर मत मिळाले असते. पण त्या वाक्याने देव वाचवणारा बाप सरकारी कागदावर हद्द चोरणारा ठरला असता. शेजाऱ्याची जमीन खाण्यासाठी बांधाचे दगड सरकवणारे आमच्याकडे गावोगाव आहेत. दगड सरकवून स्वतःचीच जमीन दुसऱ्या राज्यात घालवणारा सगळ्या मुलखात तो एकच भला माणूस होता. मामांनी दगडाच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “द्येव पैल्यापास्नं हितंच हाय. लिवा तुमी.” कारकून गेल्यावर ते म्हसोबाकडे वळून म्हणाले, “तुला वाचवला, आन तू मला भोकात घातलास व्हय रं?” घर म्हसोबाच्या पलीकडे हलवून पुन्हा राहिले असते, पण तोवर यादी बंद झाली होती.

मतदानाच्या दिवशी मामा पहाटेच गाडी जुंपून तासगावात माझ्या खोलीवर हजर. डोक्याला लग्नातला फेटा. मला वाटले, आता मत कुणाला द्यायचे ते सांगणार. ते म्हणाले, “तुला द्यायचं त्येला दे. म्या इचारनार न्हाई. फकस्त आत कसं आसतं ते भाईर येऊन सांग.” मी आत गेलो, बाहेर आलो. मामा लिंबाच्या झाडाखाली ताठ उभे होते. मी सांगितले, “टेबल आहे, पेट्या आहेत, एक आडोसा आहे.”

“आन?”

“आणखी काही नाही.”

“येवढंच?” मामा एकदम उसळले. “येवढ्यासाठी मला बारा गावचं पानी पाजलं ह्यांनी? आडोसा तर माझ्या गोठ्यातबी हाय!” आणि परत जाताना सबंध वाटभर ते बैलांशी बोलत होते.

पुढे स्वातंत्र्य आले. संस्थाने विलीन झाली, जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले, आमच्याकडचा भाग दक्षिण साताऱ्यात गेला आणि कचेरी सांगलीला आली. नाकेदार नाक्याची कवाडे बैलगाडीत घालून घेऊन गेला. मामांची भाकरी एके दिवशी भोकाशिवाय निघाली. साऱ्यांनाच मत मिळणार म्हणून नवीन याद्या सुरू झाल्या आणि एक तरुण कारकून चालत घरी आला. त्याने मामांचे नाव लिहून घेतले आणि घरातल्या बाईचे विचारले. आत्या आतून म्हणाली, “लिवा की, ह्यांच्या घरातली म्हनून.” कारकून म्हणाला, “तसं चालत नाही, बाई. नाव नसलं तर नोंद कटेल.” आत्या फुंकणीने चूल फुंकू लागली. आपले नाव परक्या माणसापुढे कसे घ्यायचे, हे तिला माहीत नव्हते. मामांनीही जन्मभर तिला ‘ऐकलं का’ यापलीकडे हाक मारली नव्हती. कारकुनाने दौतीत टाक बुडवला तसे मामा उठून उभे राहिले आणि ओढ्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “सोनाबाई! सोनाबाई नाव हाय तिचं. नीट लिवा, कटाय नगं!” आतल्या फुंकणीचा आवाज थांबला. धूर कोंडून घरभर झाला, तरी आत्या बराच वेळ चुलीपुढून उठली नाही.

पुढच्याच उन्हाळ्यात मामा गेले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीला आत्याला मीच गाडीतून घेऊन गेलो. परत येताना तिने शेतापाशी गाडी थांबवली. कुडाचे घर एका अंगाला कलले होते. म्हसोबा जागेवर होता. आत्या त्या रिकाम्या दारापुढे उभी राहिली आणि म्हणाली, “टेबल हाय, पेट्या हायती, आडोसा हाय. येवढंच हाय बगा आत. ह्यासाठी दिवाळीचं मला वढ्यात उबी केलीसा.”

मग ती गाडीत येऊन बसली. शाई लावलेले बोट तिने घरी पोचेपर्यंत पदराखाली धरून ठेवले होते, वाऱ्याने पुसले जाईल म्हणून.