अण्णा, आपण घरीच आहोत

१९९८च्या मार्चमध्ये मी रत्नागिरी सोडली. कोकण रेल्वे तेव्हा नवीकोरी होती. स्टेशनवर जाणाऱ्यांपेक्षा गाडी बघायला आलेलेच जास्त. आई डोळे पुसत होती. अण्णा माझी जड बॅग उचलून डबा शोधत पुढे निघाले होते आणि आम्ही मागून धावत होतो. सत्तरीला आले होते, पण त्यांच्या बरोबरीनं चालताना दादालाही धाप लागे. "पोचलीस की फोन कर गो," ते खिडकीतून म्हणाले. "आणि तिकडे गाडी आहे म्हणून बसून राहू नकोस. चालत जा."

अण्णांना चालण्याचं वेड आहे, असं सगळी आळी म्हणायची. मला माहीत होतं, ती भीती होती. त्यांचे वडील साठीतच सगळं विसरले, शेवटी आजीलाही ओळखेनासे झाले. मोठी आत्या तशीच गेली. घरात त्याला 'म्हातारचळ' म्हणत आणि तिथेच विषय संपवत. अण्णा मात्र कोर्टातली कारकुनी सांभाळून रोज सकाळी भाट्याच्या खाडीचा पूल ओलांडत, किनाऱ्याच्या वाळूतून पार टोकापर्यंत जाऊन येत. भर पावसातसुद्धा.

टोरोंटोत मी आणि नवरा आधी एका बेसमेंटमध्ये राहिलो. स्नो बूट घालून चालायला शिकले, नोकरी लागली, मुलगी झाली, ईशा. रविवारी कॉलिंग कार्डावरून घरी फोन. एकदा अण्णांनी "तिकडे थंडी आहे का?" हे लागोपाठ तीनदा विचारलं. मला वाटलं, लाइन खराब असेल. बाहेर गेलेल्या आपल्या सगळ्यांनाच लाइनवर ढकलायची सवय असते.

मग २००४ साली दादाचा फोन आला. भाट्याला म्हणून निघालेले अण्णा दुपारपर्यंत परतले नव्हते. सापडले ते अगदी उलट्या दिशेला, मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात, बर्फाच्या पेट्यांशेजारी बसलेले. मुंबईच्या बोटीची वाट बघत होते. ती बोट बंद होऊन जमाना झाला होता. एका मासेवालीनं "बोट उशिरा येनार, आजोबा, तवर चाय घ्या" म्हणत त्यांना थांबवून ठेवलं, म्हणून सापडले. दादा हे सांगताना रडत होता. मी किचनमध्ये उभी होते आणि मनात पहिला विचार आला तो अण्णांचा नव्हता. आजोबा, आत्या, अण्णा. पुढे मी.

मी रजा काढून आले. अण्णा पडवीत बसले होते. मला बघून लगबगीनं उठले, खुर्ची पुढे केली. "या, बसा. कोणाकडे आलात?"

जन्मात पहिल्यांदा माझे वडील मला अहोजाहो करत होते. मी बसले.

आम्ही त्यांना कोल्हापूरच्या एका मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्यावर मी एकटीच आत गेले आणि विचारलं, "हे रक्तातून येतं ना? मला होणार?"

"घरात असेल तर धोका वाढतो, हे खरं," ते म्हणाले. "पण होणारच, असं नाही. रक्तदाब, साखर सांभाळा. रोज चाला. त्यानं धोका कमी होतो."

मला रागच आला. "अण्णा जन्मभर चालले, डॉक्टर!"

त्यांनी कागद बाजूला ठेवले. "तुमचे आजोबा साठीत गेले या आजारात. यांना पंचाहत्तरीपर्यंतची वर्षं मिळाली. चालण्यामुळेच, असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. कदाचित."

त्या 'कदाचित'ला धरून मी परत गेले. तिकडच्या डॉक्टरांनी जनुकांच्या रक्ततपासणीचं सुचवलं. तीही फक्त शक्यताच सांगणार होती, खात्री नाही. मी नको म्हटलं. पण हिवाळ्यात मॉलमध्ये, दुकानं उघडायच्या आधी, म्हाताऱ्या गोऱ्या बायकांच्या घोळक्यात मी झपाझप चालते. एके दिवशी सोलकढी करताना 'आमसूल' हा शब्द आठवेना. गॅस बंद केला आणि आठवेपर्यंत जमिनीवर बसून राहिले.

शेवटच्या भेटीत अण्णा रोज संध्याकाळी अस्वस्थ व्हायचे. "घरी जायचंय मला."

"अण्णा, आपण घरीच आहोत."

"नाही. घरी चला."

समजावून उपयोग नसे. मग मी त्यांचा हात धरून आळीतून एक फेरी मारायची. चालताना ते शांत होत. पाय विसरले नव्हते. परत फाटकाशी आलो की त्यांचा चेहरा उजळायचा. "आलो हो घरी!"

अण्णा गेले त्याला वर्ष होईल. आता कोणी मला घर कुठलं म्हणून विचारलं, की पत्ता सांगण्याआधी मी तो मनात एकदा म्हणून बघते. टोरोंटोतल्या या किचनमध्ये उभी राहून एक दिवस मीही म्हणेन, घरी जायचंय. मला कुठलं घर हवंय, ते तेव्हा मलाही सांगता येणार नाही.

परवा ईशाला हे सांगून ठेवलं. ती घाबरेल म्हणून इतके दिवस टाळलं होतं. म्हटलं, "समजावत बसू नकोस. हात धर, बाहेर ब्लॉकभोवती एक चक्कर मार आणि परत आण."

तिनं थोडा विचार केला आणि आपल्या अडखळत्या मराठीत विचारलं, "आणि मग मी काय बोलायचं?"

"काही नाही," मी म्हटलं. "आलो म्हण."