खडकावर खोटं बोलायचं नाही

आमच्या बोरीवलीच्या घरात दोन खोल्या आणि चार माणसं: सासूबाई, सासरे, नवरा आणि मी. इथे भांडायचं तरी कुजबुजत भांडावं लागतं, आणि कुजबुजत भांडून माझं कधीच समाधान होत नाही. म्हणून लग्नाच्या पहिल्याच वर्षी आम्ही दोघांनी रविवारची सकाळ आपल्या नावावर करून घेतली आणि गोराईचा समुद्र गाठायला लागलो.

याला आता सात वर्षं झाली, तरी शनिवारी संध्याकाळीच मी पिशवी भरायला घेते. टॉवेल, कपड्यांचा जादा जोड, ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी. सासूबाई दर वेळी तोच प्रश्न विचारतात, "काशीक चललस काय गो?" मी म्हणते, "हो आई, पुण्य आणते तुमच्यासाठी पण."

आमचं सगळं ठरलेलं असतं. स्टेशनजवळ एका कळकट हॉटेलात उभ्याउभ्या वडा-उसळ, तीही इतकी तिखट की दोघांचीही नाकं वाहायला लागतात. मग रिक्षा करून जेट्टी. बोट लागली रे लागली की मी ओढणी खोचून पळते, कारण पुढच्या टोकाची जागा मला लागतेच. नवरा मागून ओळख नसल्यासारखा चालत येतो. खाडी ओलांडायला जेमतेम काही मिनिटं लागतात, पण तेवढ्यात मानेवरचा आठवडाभराचा घाम वाळून जातो. पलीकडे गावात एका मावशींच्या ओट्यावर आधी चहा प्यायचा आणि दुपारसाठी तळलेले बोंबील न् तांदळाची भाकरी सांगून ठेवायची. मग चपला पिशवीत टाकून वाळूतून अनवाणी चालायचं.

पोहायला मी तिशीत शिकले. पोहायला म्हणजे पाठीवर तरंगायला. कमरेएवढ्या पाण्यात मी आडवी होते, नवरा माझ्या पाठीखाली एक तळहात धरतो आणि म्हणतो, वर बघ. मी वर बघते. तो हात कधी काढून घेतो ते मला अजूनही कळत नाही. नंतर सुरूच्या झाडांखाली ऊन अंगावर घेत लोळायचं, बोंबील हाणायचे, आणि कानात वाळू घेऊन घरी यायचं. मला सुख म्हणजे हेच ठाऊक आहे, मोठ्या बाता मला येत नाहीत.

पण या सगळ्यात आमचं सर्वांत लाडकं ठिकाण म्हणजे खडक. किनाऱ्याच्या टोकाला पाण्यात एक काळा खडक आहे. एरवी तो लाटांतच असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा ओहोटीला पाणी लांबवर ओसरतं, आणि मग तासभर तिथे चालत जाता येतं. तिथला नियम असा, की खडकावर खोटं बोलायचं नाही. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं आणि ऐकणाऱ्याने त्यावरून घरी जाऊन भांडण उकरायचं नाही. माझी पुरणपोळी चामट होते, हे नवऱ्याने तिथेच कबूल केलं. नणंदेच्या साखरपुड्याला मला ताप वगैरे काही आलेला नव्हता, हे मीही तिथेच सांगून टाकलं.

हा नियम असल्यामुळेच आमचा संसार चाललाय असं मी म्हणते. कारण माझा नवरा हा जगातला सर्वांत गोड आणि सर्वांत वैताग आणणारा माणूस आहे. त्याला काय हवं ते तो सांगतच नाही. भाजी कुठली करू? "कुठलीही." पडदे कुठल्या रंगाचे? "तुला आवडतील ते."

गेल्या हिवाळ्यात त्याच्या ऑफिसने त्याला हैदराबादला बढती देऊ केली. सोबत तीन खोल्यांचा फ्लॅट. मी तर हवेतच! मी मरोळच्या एका छापखान्यासाठी घरबसल्या लेबलांची डिझाइनं करते, ते काम कुठूनही झालं असतं. तीन खोल्या, स्वतःचं स्वयंपाकघर, दाराला आतून कडी, सकाळी बाथरूमसमोर रांग नाही. रुजू व्हायचा सोमवार कळला त्याच संध्याकाळी मी कॅलेंडरचं पान वर उचलून पुढच्या महिन्यातल्या त्या तारखेभोवती लाल पेनाने ठसठशीत गोल काढला.

"तुला जायचंय ना?" मी विचारलं.

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला.

आठ दिवस मी वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं आणि आठ दिवस मला हेच उत्तर मिळालं. सोमवारी दहापर्यंत ऑफिसला हो की नाही ते कळवायचं होतं. आमच्या हातात एकच रविवार उरला होता.

"ओहोटी कधी आहे या रविवारी?" मी विचारलं. हे खातं नवऱ्याचं. सासरे मालवणकडचे, त्यांनी त्याला लहानपणीच शिकवून ठेवलंय, "तिथीक पावणान गुण, भरती गावता." तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ, आणि तिच्यापुढे सहा तासांनी ओहोटी. नवऱ्याने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे मान वळवली आणि चहा पितापिताच सांगितलं, "पहिला रविवार... तृतीया. सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी सव्वाआठला ओहोटी. अजून उधाणाचं पाणी आहे. खडक मिळेल."

झकास! म्हटलं, आता कुठे पळतोस ते बघते.

त्या रविवारी आम्ही वडा-उसळही खाल्ली नाही. पहिल्या बोटींपैकी एक पकडली, मावशींकडेही न थांबता थेट किनारा गाठला. आठ वाजायचे होते. ऊन कोवळं, आभाळ स्वच्छ, अंगावर शहारा आणणारा वारा. आणि खडक पाण्यात! नुसतं डोकं वर, भोवती लाटा.

"उतरेल," नवरा म्हणाला.

साडेआठ झाले. पाणी हातभर मागे सरकलं असेल नसेल. नऊ वाजले. मी वाळूत काठी रोवून खूण केली होती, ती जवळपास जिथल्या तिथे. माझं डोकं तापायला लागलं. उद्या दहा वाजता उत्तर द्यायचं, आणि ज्या एका जागी हा माणूस तोंड उघडतो ती जागा पाण्याखाली.

शेवटी चहाला म्हणून मावशींकडे गेलो. खडकाचं ऐकून त्या हसायलाच लागल्या. "आज नवमी हाय गं. भांगाचा पानी. आज ते ना धड चढनार, ना धड उतरनार."

मी नवऱ्याकडे बघितलं. माझ्या मनात आलं, गेले आठ दिवस घरात तरी दुसरं काय चाललंय?

फोन काढून पाहिलं तर खरंच नवमी. "तुझी तृतीया कुठून आली रे?"

"कॅलेंडरवर होती."

"कुठल्या कॅलेंडरवर?"

मी फोनवर मागचा महिना काढला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागच्या महिन्याचा पहिला रविवार तृतीयेचा होता. त्याने मागच्याच महिन्याचं पान पाहिलं होतं.

आता आमच्या घरात कॅलेंडरचं पान उलटायचं काम फक्त याचं. लहानपणापासूनचं. एक तारखेला उठल्याउठल्या, तोंडही न धुता, आधी पान. एकदा मी हौसेने उलटलं तर दिवसभर गाल फुगवून बसला होता. आणि आज सात तारीख.

"तू पान उलटलंच नाहीस," मी म्हणाले.

"राहिलं."

"सात दिवस?"

मावशी शहाण्या, कप उचलून आत गेल्या. त्याने तळपायाची वाळू झटकली. मग म्हणाला, "उलटलं असतं तर रोज सकाळी चहा पिताना तो लाल गोल बघावा लागला असता ना."

मला काय काय वाटलं ते सांगू? आधी संताप आला, असा की कानशिलं गरम झाली. "मग आठ दिवस तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस? बोलायला काय होतं तुला?"

"तू किती खूश होतीस," तो म्हणाला. "रोज त्या फ्लॅटचे फोटो बघत होतीस. तुला हवंय आणि मला नकोय, असं कसं बोलायचं, यार?"

"असंच बोलायचं! आत्ता बोललास तसं!"

मी ओरडले ते अख्ख्या गल्लीने ऐकलं असेल. बोरीवलीत मला इतकं ओरडता आलं नसतं. ओरडून झालं आणि माझ्या लक्षात आलं, की याने खडकाशिवाय खरं बोलून दाखवलं. सात वर्षांत पहिल्यांदा. मला रडूही आलं आणि हसूही.

मग मी माझंही सांगून टाकलं. मला तो फ्लॅट हवाय, कडी हवीय, आणि ते सगळं सोडायचं तर मला दुःख होणार, तेही चांगलं घसघशीत. तो म्हणाला, "मग जाऊ या." आणि या वेळी ते 'तू म्हणशील तसं' नव्हतं. हा माणूस माझ्यासाठी खरंच निघाला असता, आणि तिथे गेल्यावर कॅलेंडर लावलंच नसतं.

"नाही जायचं," मी म्हणाले. "दे फोन."

त्याने ओट्यावर बसूनच ऑफिसला नकार लिहिला. मी दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा वाचायच्या आत पाठवून टाकला. मग आम्ही पाण्यात जी धाव ठोकली! दुपारी मावशींनी न सांगताच दोन बोंबील जास्त वाढले.

घरी येऊन त्याने आधी पान उलटलं. लाल गोलातल्या सोमवारावर बोट ठेवून म्हणाला, "द्वितीया. दीडला भरती, साडेसातला ओहोटी. भरपूर उधाण."

दोघांनी रजा टाकली. हैदराबादला रुजू व्हायच्या त्या सोमवारी सकाळी आम्ही खडकावर बसलो होतो, पाय सोडून, ओलेचिंब. पाणी कुठल्या कुठे गेलं होतं, किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं.

"पस्तावा होतोय?" त्याने विचारलं.

नियम म्हणजे नियम. "होतोय," मी म्हणाले. "थोडा. उद्या बाथरूमच्या रांगेत जास्त होईल."

त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "उद्यापासून तुझा नंबर पहिला. आणि पडदे निळे हवेत मला. आधीपासून."