देवीच्या नावाचा बांध

पानशेत धरणाच्या फुगवट्याला लागून आमचं खालचं भातखाचर आहे. दर पावसाळ्यात पाणी चढतं आणि ओसरताना बांधाचा एक लचका घेऊन जातं. थोरल्या जाऊबाईंचा त्या खाचरावर भारी जीव. बांध धरून ठेवायला त्यांनी दोनदा करंज लावले, दोन्ही वेळा रोपं पिवळी पडून गेली. मी म्हटलं, नाद सोडा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप भांडी घासायला गेले.

मग कृषी खात्यातल्या एक बाई माती बघून गेल्या. माती आंबट झालीय, तिच्यात स्फुरद नावाचं झाडाचं अन्न आहे पण मुळांच्या हाती लागत नाही, म्हणाल्या. जुन्या झाडांखालच्या मातीत डोळ्यांना न दिसणारी बुरशी असते. ती मुळांना स्फुरद आणून देते, झाड तिला साखर देतं. तसली माती रोपांना घाला.

"म्हंजी सावडच की," जाऊबाई म्हणाल्या. "तुमी आमच्या लावणीला, आमी तुमच्या."

जुनी झाडं उरलीत ती फक्त देवीच्या राईत. आणि राईतून माती काय, वाळकी काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, असा गावाचा नेम. पूजा करणाऱ्या गुरवांनी तर हातच जोडले. मला वाटलं, संपलं सगळं.

मंगळवारी जाऊबाईंनी नव्या रोपांची पाटी डोक्यावर घेतली, दुसरी मला दिली. राईत देवीपुढं रोपं मांडली, हळदकुंकू वाहिलं.

"आई, ही झाडं आजपास्नं तुजी. माज्या बांधावर ऱ्हातील, पर तुजीच. तुज्या झाडाला तुजी माती घालते."

गुरव बराच वेळ डोकं खाजवत राहिले, मग स्वतःच कुदळ घेऊन आले. खरं सांगते, माझं डोकं सात जन्मांत एवढं चाललं नसतं.

आता त्या करंजांची चांगली सावली पडते. पाणी येतं, जातं, बांध जागचा हलत नाही. तिथून जाताना मी उगाचच एखाद्या खोडाला हात लावते.

गेल्या उन्हाळ्यात वादळानं त्यातली एक जाड फांदी मोडून खाचरात पडली. घरातला गॅस संपलेला, चूल पेटवायची होती. मी उचलायला वाकले.

"ऱ्हाऊ दे. देवीची हाय ती."

जाऊबाईंनी फांदी ओढत नेऊन बांधाला टेकवली, पदर खोचला आणि सरपणासाठी टेकडी चढायला लागल्या. वर पोचेपर्यंत त्या आपल्या सुजलेल्या गुडघ्याला शिव्या घालत होत्या, देवीला एकही नाही.