तंबूवर पडलेली मोहफुलं

आमच्या गावात नवी सून आली, की सासू तिला आधी घर दाखवते, मग विहीर, आणि मग जंगलात नेऊन मोहाचं झाड दाखवते. जंगल सरकारचं, पण मोहाचं झाड ज्याच्या त्याच्या घराचं. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही. अट एवढीच, की फागुन सरताना त्या घरच्या कुणीतरी बुडाखालचा पाचोळा झाडावा आणि फुलं वेचावीत. एक साल झाड तसंच पडून राहिलं, तर पुढच्या साली जो आधी झाडेल त्याचं ते.

वच्छलाबाईचं झाड टेकडीच्या पायथ्याशी आहे. सासूनं तिथं नेऊन खोडावर हात ठेवायला लावला होता आणि म्हटलं होतं, "हे आपलं." बाकी काही बोलली नव्हती.

आता त्याच झाडाखाली तीन तंबू आहेत. गावाच्या समितीनं शहरी पाहुण्यांच्या कॅम्पसाठी जागा दिवाळीत पाहिली, तेव्हा झाडाची सावली गर्द होती. मोह पुढं फागुनात सगळी पानं टाकतो आणि उघड्या फांद्यांवर फुलं धरतो, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्या दिवशी कुणी बोललं नाही. वच्छलाबाईही नाही. तिला कॅम्पवर चहा-नाश्त्याचं काम मिळत होतं.

पाहुणे नागपूरहून येतात, चंद्रपूरहून येतात. रात्री तंबूत झोपतात आणि उजाडायच्या आत टेकडी चढायला निघतात. पुढं वाट दाखवायला गावातला इसरू. त्यांच्या मागं डोक्यावर पोह्यांचं गंज, म्हणजे मोठं पातेलं, घेऊन वच्छलाबाई, कारण पाहुण्यांना वरच्या सपाट दगडावर बसून खायला आवडतं. त्यांच्या पायात जाड बूट, हातात काठ्या. हिच्या पायात स्लिपर. चढताना ते थांबतात, फोटो काढतात. हीपण थांबते, पण गंज उतरवत नाही. एकदा उतरवलं, की पुन्हा उचलायचं जीवावर येतं.

आणि मोह नेमका त्याच वेळी गळतो. पहाटेच्या गारव्यात एकेक फूल देठातून सुटतं आणि टप्पकन खाली येतं. तंबूच्या कापडावर त्याचा आवाज होतो. एक बाई सकाळी तक्रार घेऊन आली होती, "रातभर वरून कोणी खडे मारून राह्यलं होतं हो!"

वच्छलाबाई खाली परते तोवर ऊन झाडाच्या बुडाशी आलेलं असे. निम्मी फुलं बुटांखाली चिरडलेली. उरलेली नईमनं खराट्यानं लोटून कुंपणापलीकडं टाकलेली. नईम राजुऱ्याचा, कॅम्पचा मॅनेजर. माणूस वाईट नाही, भित्रा आहे.

"वासानं अस्वल आलं, तर जबाबदार कोण? तुमी का मी?" तो म्हणायचा.

"मंग मले सकाळी वेचू द्या ना, नईमभाऊ. फूलच नाई राह्यलं तर अस्वल काऊन येईन?"

"अन् चाय कोण बनवंल? अस्वल?"

गावातही सुख नव्हतं. नंदिनी, शेजारच्या आळीतली, नळावर सगळ्यांसमोर म्हणाली, "वच्छलाबाई, तुमचं झाड तं आता शेरातल्या लोकायले झोपाले देल्लं म्हंतेत. यंदा नाई वेचलं, तं पुढच्या साली आमी झाडू बरं." सगळ्या हसल्या. वच्छलाबाईनं पाण्याचा गुंड उचलला आणि घरी आली.

दुसऱ्या दिवशी ती चुलीपाशी गेलीच नाही. कॅम्पवर पोचली ती सरळ झाडाखाली, टोपली घेऊन. दोन तंबूंच्या मधल्या दोऱ्यांतून वाकून वेचत राहिली. पाहुणे उठले, बूट बांधून ताटकळले आणि शेवटी बिनचहाचे टेकडी चढले. नईम ओरडला नाही. फक्त म्हणाला, "बाई, उद्यापासून एकच काम करा. झाड नाहीतर चाय."

त्या संध्याकाळी ती ओट्यावर पाय पसरून बसली होती. पायाच्या भेगांत मोहाचा चिकटा आणि माती. सून पुनम भाकरी टाकत होती. पुनम राजुऱ्याकडची. तिकडं दगडी कोळशाच्या खाणी, मोहाशी तिचा संबंध नव्हता. लग्नाला दोन वर्षं झाली. पहिल्या साली ती माहेरी होती, दुसऱ्या साली तंबू आले. तिला झाड दाखवायचं राहूनच गेलं.

"आई, झाड सोडून द्या ना," पुनम म्हणाली. "किती थकून राह्यल्या तुमी."

"सोडलं तं थकवा जाईन का?"

पुनमनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "चाय तं मीबी करतो. पोहेबी. नेतोबी डोक्यावर."

असं ते ठरलं. पुनमच्या हातचा चहा पाहुण्यांना आवडला. ती त्यांच्याशी हिंदी बोलते, हसते, टेकडी झपझप चढते. चार दिवसांत नईम खूश झाला. म्हणाला, "वच्छलाबाई, आता तुमी आरामच करा. पुढच्या सीझनलेबी पुनमच राहू द्या." त्याला वाटलं, तो चांगलं बोलतोय. वच्छलाबाईनं मान हलवली. कुणी काढून न टाकताच तिचं काम गेलं होतं.

झाड मात्र राहिलं. नंदिनी कुंपणापाशी येऊन, झाडलेलं बूड पाहून परत गेली.

काल सकाळची गोष्ट. पाहुणे अजून उठायचे होते. वच्छलाबाई तंबूच्या दोरीला धरून कमरेतून सरळ होत होती, तेवढ्यात पुनम ग्लास घेऊन आली.

"आई, चाय घ्या."

या कॅम्पवर वच्छलाबाईनं शेकड्यानं ग्लास भरले होते. भरलेला ग्लास तिच्या हातात काल पहिल्यांदा आला. हात चिकट होते, तिनं पदरानं ग्लास धरला. पुनम वर बघत होती. एक फूल तिच्या खांद्यावर पडलं, तिनं ते उचलून वास घेतला, नाक मुरडलं आणि टोपलीत टाकलं.

वच्छलाबाईला सासूचं ते "हे आपलं" आठवलं. ते बोलायचं, तर सुनेचा हात धरून खोडावर ठेवावा लागतो. तिनं एका हातातला ग्लास दुसऱ्या हातात घेतला.

"पुनम!" तिकडून नईमची हाक आली. "दूध उतू जाऊन राह्यलं!"

पुनम पळाली.

वच्छलाबाई खोडाला टेकून खाली बसली. चहा निवत होता. फुलं पडत होती, तंबूंवर, मातीत, तिच्या मांडीवर. उठून वेचायला हवं होतं. ती थोडा वेळ तशीच बसून राहिली.