एन्ट्रीट म्हणजे विनवणी

लोहाऱ्यात ज्या इंग्रजी शाळेत मी गणित शिकवायचे, ती एका हिवाळ्यात दुसऱ्या संस्थेनं चालवायला घेतली. नव्या अध्यक्षांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, की एप्रिलमध्ये सगळ्या शिक्षकांची इंग्रजीतून मुलाखत होईल, आणि ज्यांना सफाईनं बोलता येणार नाही त्यांनी जूनपासून येऊ नये. माझं शिक्षण बेंबळीला, मराठीतून झालेलं. वर्गात माझं भागायचं. फळ्यावर समीकरण मांडलं की मोडक्यातोडक्या इंग्रजीत पुढचं निभायचं, मुलंही सांभाळून घ्यायची. पण मुलाखतीत ना फळा असणार होता, ना मुलं. टेम्पो उलटल्यापासून नवऱ्याची कंबर गेली होती, तो घरीच असायचा. माझी नोकरी हीच काय ती आमची मिळकत.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक आपा राहायच्या. जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्याच. मी त्यांच्याकडं गेले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "आपा, मला मोठे मोठे शब्द शिकवा. लवकर."

त्यांनी कपाटातून एक जाड कादंबरी काढली. दीडशे वर्षांपूर्वीची, पानं पिवळी पडलेली. "माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू हाय, बेटा. मला वाचायला येत न्हाय आता. तू मोठ्यानं वाच. जिथं अडशील तिथं मी सांगते."

शाळा सुटली की मी तिथं जायला लागले. एका विलायती पाद्र्याच्या विधवेची ती गोष्ट. घर सुटलेलं, दोन मुली पदरात, आणि श्रीमंत नणंदेच्या घरी आश्रितासारखं राहणं. एकेक वाक्य अर्धं पान लांब. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक हातातून सुटायचं. व्हेक्स्ड, रिप्रोच, फॉरबेअरन्स, एन्ट्रीट. मी भाकरी थापताना पुटपुटायचे, पेपर तपासताना पुटपुटायचे. आदल्या दिवशी पाठ केलेला शब्द सकाळी आठवायचा नाही, तेव्हा भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. नवरा म्हणायचा, "अगं, जेव तरी नीट. दुसरी शाळा बघू." कुठली दुसरी शाळा, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

आपांना गोष्टीत रस. ती विधवा घर सोडून जाते ते प्रकरण त्यांनी मला परत वाचायला लावलं, तेव्हा माझा धीर सुटला.

"आपा, गोष्ट राहू द्या हो. नुसते शब्द सांगा ना. दिवस न्हाईत माझ्याकडं."

त्या चिडल्या नाहीत. "एन्ट्रीट म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"विनवणी करणं."

"आता ती नणंदेपुढं उभी ऱ्हाते ते वाच. नुसती मागत न्हाय ती. तिच्याकडं दुसरं काही उरलंच न्हाय, म्हणून हात जोडून मागतीय. हे कळलं की शब्द विसरणार न्हाईस."

खरंच, तो शब्द मी विसरले नाही.

मुलाखतीला अध्यक्ष होते, त्यांच्या शेजारी पुण्याहून आलेल्या एक तज्ज्ञ बाई. नाव, गाव, शिक्षण इतपत बरं गेलं. मग बाईंनी विचारलं, की एखादा मुलगा अभ्यासच करत नसेल, तर तुम्ही काय करता? मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. मी खरोखर त्याच्या शेजारी बसून त्याला विनवायचे. सगळा जीव गोळा करून मी म्हणाले, "मॅडम, आय एन्ट्रीट हिम."

"यू ट्रीट हिम?" अध्यक्ष हसले. "म्हणजे काय, वडापाव खायला घालता?"

बाईही हसल्या. त्यांना शब्द कळला होता, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. पण त्या म्हणाल्या, "असं आजकाल कुणी बोलत नाही, मॅडम. साधं बोला."

साधंच तर मला येत नव्हतं. 'नो सर, एन्ट्रीट' एवढं तरी म्हणायला हवं होतं, पण डोळ्यांपुढचे सगळे शब्द पुसले गेले. पुढच्या प्रश्नांना मी नुसती मान हलवत राहिले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे, या तुम्ही."

तिथून मी थेट आपांकडं गेले. त्यांनी काही विचारायच्या आत मी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. दोन ओळी झाल्या असतील. मी पुस्तक मिटलं. आपा चाचपडत उठल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी झालेलं सांगितलं तेव्हा त्यांनी माझा दंड धरला. "चल मला घेऊन. त्या माणसाला मी सांगते एन्ट्रीट म्हणजे काय ते. शब्द बरोबर होता तुझा!"

"बरोबर असून काय करू, आपा?" मी म्हणाले. त्यावर त्या परत खाली बसल्या.

मे महिन्यात शाळेनं कळवलं, येऊ नका. जूनमध्ये शाळेची पिवळी व्हॅन गल्लीतून जायची. त्या वेळेला मी दार लावून घ्यायचे, कारण ओळखीची मुलं हात करायची.

आता मी माकणीला एका मराठी शाळेत तासिका तत्त्वावर गणित शिकवते. रोज एसटीनं जाते. मुलं चांगली आहेत. पण दुसऱ्या सत्रात तास मिळतील का, हे कुणीच सांगत नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीसमोरून जाताना माझी पावलं हळू होतात. विचारावं असं रोज वाटतं, आणि रोज मी तशीच पुढं जाते.